चिखलातले चार श्रेयांक

"बाई, एक विचारू का? राग मानू नका. मुलीला आम्ही कॉलेजात घातलं ते शिकायला. भातच लावायचं असतं, तर एवढी फी कशाला भरली असती?"

यंदाच्या जून महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. आमच्या घरी पाने घेण्याची वेळ, आणि फोनवर माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई. आवाज चढलेला नव्हता. उलट फार अदबीचा होता. अशा अदबीच्या आवाजाला उत्तर देणे फार कठीण असते. मी "तसं नाही हो, त्याचं असं आहे की..." असे काहीतरी सुरू केले आणि मधेच थांबले. कारण 'त्याचे कसे आहे' हे मलाही तोवर नीटसे ठाऊक नव्हते.

वाचकांपैकी ज्यांची मुले सध्या कॉलेजात आहेत, त्यांना हे प्रकरण निराळे सांगायला नको. नवे शैक्षणिक धोरण आले आणि त्याबरोबर एक नवा शब्द घरोघर पोचला, इंटर्नशिप. पदवी घेताना विद्यार्थ्याने चार भिंतींबाहेर जाऊन प्रत्यक्ष काम करायचे, त्याचे तास मोजायचे आणि त्या तासांचे श्रेयांक मिळवायचे. चार श्रेयांक म्हणजे एकशेवीस तास. कल्पना उत्तम आहे. वाणिज्य शाखेची मुले हिशेबतपासनिसांच्या कचेऱ्यांत गेली, विज्ञानाची प्रयोगशाळांत गेली. प्रश्न उरला तो आमच्या मराठीच्या मुलांचा. मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्याने काम करायचे कुठे? दोघांना वर्तमानपत्रात जागा मिळाली, एकाला ग्रंथालयात. अकरा जण उरले. सात मुली आणि चार मुलगे.

त्यांच्यातल्याच एकीने तोड काढली. तिच्या वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ बँकेतून निवृत्त होऊन तलासरीच्या आतल्या बाजूला सेंद्रिय शेती करतात. पावसाळ्यात त्यांना माणसे हवीच असतात. मुलांनी तिथे पंधरा दिवस राहायचे, रोज आठ तास काम करायचे; पंधरा आठे एकशेवीस! बदल्यात राहणे आणि जेवण फुकट. आणि मराठीशी संबंध हवा म्हणून शेतीतले शब्द गोळा करून त्यांचा एक छोटा कोश करायचा. मला ही योजना इतकी आवडली की प्राचार्यांची परवानगी मी एका दिवसात मिळवली. तिच्यात एक खोट होती. ती मला दिसली नाही. ती दाखवायला तलासरीची एक आजी लागली.

चिकूच्या गावाला जाऊ या

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बारा जणे डहाणूच्या लोकलमध्ये बसलो. २०१३ साली ही लोकल डहाणू रोडपर्यंत गेली, आणि तेव्हापासून मुंबईच्या माणसाला डहाणू 'परगाव' वाटेनासे झाले. विरार मागे पडले की गाडीतली गर्दी ओसरते, खिडकीबाहेरच्या इमारती विरळ होतात आणि हिरवा रंग सुरू होतो. पालघर, बोईसर, वाणगाव आणि मग डहाणू. स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की टोपल्यांतून चिकू दिसू लागतात.

डहाणू-घोलवडचा चिकू तसा घरोघर ठाऊक आहे. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यातली जात बहुतेक काळीपत्ती. ह्या वाड्यांमुळे आणि डोंगराकडच्या जंगलामुळेच १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. कारखानदारीला तिथे मर्यादा पडल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ साली ह्या तालुक्यासाठी खास प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी ह्यांनी त्याचे अध्यक्षपद अखेरपर्यंत, म्हणजे जानेवारी २०१९ पर्यंत सांभाळले.

डहाणूहून एस. टी. ने तलासरी, आणि तिथून जीपने आत. समुद्राकडची वाड्यांची श्रीमंती मागे राहते आणि उघडेबोडके माळ, त्यांच्यामधून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भातखाचरे आणि कुडाच्या भिंतींची वारल्यांची घरे दिसू लागतात. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हा हे दोन्ही तालुके त्यात आले. नकाशावर एकमेकांना खेटून आहेत. पण एकात फळबागांचे मालक पुष्कळ, आणि दुसऱ्यातून त्या बागांत कामाला जाणारी माणसे पुष्कळ.

मुलांना मी वाटेत कोसबादची टेकडी दाखवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्या दोघींनी बोर्डीला १९४५ साली सुरू केलेले काम पुढे ह्याच टेकडीवर आणले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात, असे दिसल्यावर त्या रडत बसल्या नाहीत. जिथे गुरे चरतात तिथे शाळा नेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरेही राखायची आणि अक्षरेही गिरवायची. "आता आपलं कॉलेज चिखलात चाललंय, म्हणजे आपली चिखलशाळा!" आमच्यातला एक वात्रट म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. पण अनुताईंची शाळा पोरांचे काम सांभाळून भरत होती. आमची शाळा कोणाचे काम घेऊन भरणार होती, हा विचार मला त्या वेळी शिवला नाही.

बँकेतले काका आणि दोनशे लिटरचे पिंप

शेताचे मालक म्हणजे साठीपुढचे, किडकिडीत, बोलके गृहस्थ. पहिल्याच दिवसापासून मुले त्यांना काका म्हणू लागली. सहा एकर जमीन. दोन एकरांत चिकू, थोडा आंबा, थोडा नारळ, आणि बाकी खाचरांत भात. रासायनिक खत नाही, फवारणी नाही.

ह्या शेतीचे वेड त्यांना लागले ते सीमेपलीकडे, उंबरगावजवळच्या देहरी गावात. तिथे भास्कर सावे ह्यांची 'कल्पवृक्ष' नावाची सुमारे चौदा एकरांची वाडी आहे. सावे मूळचे शाळामास्तर. जन्म १९२२चा. तरुणपणी रासायनिक खतांचे ते नुसते पुरस्कर्ते नव्हते, विक्रेतेही होते. पुढे हिशेब मांडताना त्यांच्या ध्यानात आले की उत्पन्न वाढते तसा खर्चही वाढतो आणि हाती उरते ते तेवढेच. मग त्यांनी सारे सोडून निसर्गाच्या कलाने शेती केली. अल्पजीवी, मध्यमजीवी आणि दीर्घजीवी झाडे एकत्र लावायची; पाणी बुंध्याशी न देता लांबच्या चरातून द्यायचे, म्हणजे मुळे पाण्याच्या शोधात पसरतात; गळलेला पाला उचलायचा नाही, कारण तोच जमिनीचा आहार. जपानचे फुकुओका ही वाडी पाहून गेले. २०१० साली सेंद्रिय शेतीच्या जागतिक संघटनेने सावे ह्यांचा जीवनगौरव केला. २०१५ साली ते गेले. 'कल्पवृक्ष' पाहायला आणि तिथे शिकायला देशोदेशींची तरुण मुले येत, हे काकांनी डोळ्यांनी पाहिले होते. आपल्याही शेतावर अशी मुले यावीत, ही त्यांची हौस तिथलीच.

आणि ही हौस काही एकट्या काकांची नव्हे. १९७१ साली लंडनमधल्या स्यू कॉपर्ड नावाच्या एका बाईंनी शहरी माणसांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर कामाला नेण्याची टूम काढली. पहिल्या खेपेला चारच माणसे गेली. आज तीच चळवळ जगभर पसरली आहे: काम करा, जेवा, राहा आणि शिका. आपल्याकडे त्याच्याही आधी, साठच्या दशकाच्या अखेरीपासून, बाबा आमटे ह्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली आणि कॉलेजातल्या मुलांच्या हाती कुदळ दिली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर तर म्हणत की शेतकऱ्याने स्वतःच प्रयोग करावेत आणि एकमेकांना शिकवावेत. त्यांच्या मंडळींचे नावच 'प्रयोग परिवार'.

पहिले चार दिवस मोठ्या मजेत गेले. काकांनी मुलांकडून जीवामृत करून घेतले. दोनशे लिटर पाण्याचे पिंप, त्यात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती. हे सावलीत ठेवायचे आणि दिवसातून दोनदा काठीने ढवळायचे. दोन दिवसांनी एकरभर जमिनीला पुरते. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावणाऱ्या मुली तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात घालून शेण कालवू लागल्या. गूळ-पीठ हे सूक्ष्म जीवांचे खाद्य आणि बांधावरची माती म्हणजे विरजण, असे काकांनी सांगताच सगळ्या जणींना ते चटकन कळले. विरजणाची उपमा आमच्या कुठल्याही क्रमिक पुस्तकापेक्षा जास्त कामाची ठरली.

चिकू पारखायलाही शिकलो. आंब्यासारखा तो रंग बदलत नाही, त्यामुळे झाडावर तयार झाला की नाही हे ओळखणे कठीण. नखाने साल किंचित खरवडायची. खाली हिरवे दिसले तर कच्चा, पिवळसर दिसले तर तयार. वह्यांत शब्दही भराभर जमत होते. हळवा, गरवा आणि निमगरवा भात. चिखलणी, बांध, इरले. लावणीला इकडे आवणी म्हणतात. आणि 'राब'. उन्हाळ्यात फांद्या, पाला, गवत आणि शेण रोपांच्या जागेवर पसरून जाळायचे, म्हणजे तणाचे बी मरते आणि मऊ राखेत रोप जोमाने येते. त्या जागेचे नाव राब. "बाई, म्हणून आपण 'राबणं' म्हणतो का?" एका मुलीने विचारले. कोशकार काय म्हणतील ते म्हणोत. त्या मुलीला तो शब्द पुन्हा परका वाटणार नाही, एवढे मात्र खरे.

आजीचा प्रश्न

पाचव्या दिवशी आवणी सुरू झाली. चांगला पाऊस झाला होता. काकांनी शिकवायला आणि कामाला म्हणून जवळच्या पाड्यावरच्या तीन बायकांना बोलावले होते. त्यातल्या एक आजी. वय साठीच्या आसपास. स्वतः त्यांना ते ठाऊक नव्हते. काटक, काळ्याभोर, डोक्यावर इरले आणि बोलणे अगदी मोजके.

वाचकहो, भाताची आवणी लांबून फार सुंदर दिसते. जवळून ती कंबर मोडणारी आहे. वाकायचे, डाव्या हातात रोपांची मूठ धरायची, उजव्या हाताने दोन-तीन काड्या सोडवून बोटाच्या पेराइतक्या चिखलात खोचायच्या आणि एकेक पाऊल मागे सरायचे. जगातली बहुतेक कामे पुढे चालत होतात. हे एक काम मागे चालत होते, आणि त्यामुळे आपण काय केले ते सारखे डोळ्यांसमोर राहते. आम्ही केलेले फारच डोळ्यांसमोर राहिले. कोणी दहा-दहा काड्या एकत्र खोचल्या, कोणी कोपरभर खोल, तर कोणी इतक्या वरवर की अर्ध्या तासात ती रोपे होडीसारखी तरंगू लागली. आजींनी एका शब्दाने रागावले नाही. आमच्यामागून येऊन त्यांनी आमची ओळ उपटली आणि पुन्हा लावली. म्हणजे त्या दिवशी त्यांनी स्वतःचे काम केले आणि आमचेही.

दुपारी बांधावर भाकरी खायला बसलो. आजींनी माझ्या शेजारच्या मुलीला विचारले, "तुमाला रोज किती देतात?"

ही मुलगी म्हणजे त्या रात्रीच्या फोनवाल्या आईचीच. ती हसून म्हणाली, "काही नाही आजी. आम्ही शिकायला आलोत."

"जेवन?"

"जेवण देतात ना. राहायलाही."

आजींनी भाकरीचा तुकडा मोडला, थोडा वेळ चावला आणि सहज, अगदी सहज विचारले, "मंग वेठ?"

त्या स्वरात टोमणा नव्हता. एखाद्या गोष्टीचे नाव आठवत नसावे आणि आठवल्यावर माणसाने ते सांगावे, तसा तो शब्द त्यांनी उच्चारला. मुलीने वही काढली आणि विचारले, "बाई, वेठ म्हणजे?"

तो अर्थ मला ठाऊक होता. वर्गात शिकवलाही होता. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० साली निघालेले आणि १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेले पुस्तक मी कितीतरी वर्षे मुलांसमोर ठेवत आले आहे. जमीनदाराच्या शेतावर वारल्याने बिनमजुरीने राबायचे, ही वेठ. ती मोडायची असा निर्धार २३ मे १९४५ रोजी झरी गावच्या सभेत झाला. हे झरी ह्याच तलासरी तालुक्यातले. दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, असे ठरले. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या माणसांवर गोळीबार झाला आणि पाच वारली मेले. बारा आण्यांसाठी! ह्या सगळ्या सनावळ्या मला तोंडपाठ आहेत. परीक्षेत त्यांवर मी दहा गुणांचा प्रश्नही घातलेला आहे. आणि ज्या मातीत 'फुकट राबणार नाही' असे माणसे पहिल्यांदा म्हणाली, त्याच मातीत मी अकरा मुलांना फुकट राबायला घेऊन आले होते, आणि त्याचे मला श्रेयांकही मिळणार होते.

मी त्या मुलीला अर्थ सांगितला. तिने तो वहीत लिहिला. मग तिने पेन थांबवून विचारले, "पण बाई, आपण नसतो आलो, तर काकांनी आणखी बायका बोलावल्या असत्या?"

हिशेब

तो प्रश्न मी संध्याकाळी काकांना विचारला. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत. म्हणाले, "हो. दर वर्षी सात बोलावतो. यंदा तुम्ही आलात म्हणून तीन."

म्हणजे चार बायकांचा रोज आम्ही हिरावला होता. तोही आवणीत, जेव्हा वर्षातली हमखास मजुरी मिळते. आम्हाला त्या कामाची गरज होती ती तासांच्या रकान्यासाठी. त्यांना ती चुलीसाठी.

पण काकांना खलनायक करून मी हा लेख सोपा करणार नाही. त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी शेतकऱ्याला पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, कारण उरलेली किंमत सरकार सोसते. शेण, पाला आणि ते कालवणारे हात ह्यांना तशी सवलत नाही. राब भाजायचा नाही असे काकांनी ठरवले, कारण फांद्या तोडून जाळणे त्यांना पटत नाही; पण म्हणून तण जास्त येते, आणि तणनाशक वापरायचे नाही, म्हणजे ते हातानेच उपटायचे. सेंद्रिय शेतीत रसायनांची जागा कोण घेते? माणसाचा हात घेतो. बाजारात मात्र तांदळाला चार पैसे जास्त देताना आपण गिऱ्हाईके तोंड वाकडे करतो. तेव्हा फुकटचे हात मिळाले तर शेतकऱ्याला मोह होणार नाही तर काय?

सेंद्रिय म्हणजे सारे आपोआप मंगल, हाही भाबडेपणाच. श्रीलंकेने २०२१च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. पिके कोसळली, शेतकरी रस्त्यावर आले, आणि नोव्हेंबरात तो हुकूम मागे घ्यावा लागला. उलट आपल्या सिक्कीमने बारा-तेरा वर्षे टप्प्याटप्प्याने पावले टाकली आणि २०१६ साली संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणवून घेतले. जमिनीला सवय बदलायला वेळ लागतो. माणसांच्या हिशेबालाही लागतो.

रात्री कंदिलाच्या उजेडात (वीज गेली होती) आम्ही बारा जण आणि काका बसलो. आवणीचे उरले होते नऊ दिवस. त्या चौघींना उद्यापासून परत बोलवायचे, हे ठरले. रोज चारशे रुपये. दोघींचा रोज काका देणार. उरलेल्या दोघींचा नऊ दिवसांचा होतो सात हजार दोनशे. तो शिकवण्याचा मोबदला म्हणून कॉलेजने द्यावा, असे मला वाटले. मी सकाळी कचेरीत फोन केला. तिथून विचारणा झाली, "तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून द्यायचे ना? मग शैक्षणिक पात्रता काय?" मी म्हटले, अक्षरओळख नाही. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग उत्तर आले की असे बिल मंजूर होणार नाही. त्या कारकुनाची काही चूक नव्हती. छापील नमुन्यात जो रकाना नाही, तो तो बिचारा कोठून आणणार?

सात हजार दोनशेला बाराने भागले. प्रत्येकी सहाशे. दोघा मुलांना ते जड होते, हे मला ठाऊक होते. त्यांचे पैसे कोणी भरले हे मी विचारले नाही. पण दुसऱ्या दिवशी डब्यात रक्कम पुरी होती.

आणि मग कामाची रीत बदलली. सात बायका आपल्या वेगाने आवणी करीत. मुले त्यांच्या जोडीला, एकास एक, अर्धी ओळ. चुकले तर तिथल्या तिथे सुधारायचे. आता आमच्यामुळे कोणाचे दुप्पट काम होत नव्हते, आणि आम्ही कोणाचे काम घेतही नव्हतो. आम्ही होतो ते निव्वळ विद्यार्थी, आणि खरे सांगायचे तर तेवढीच आमची योग्यता होती. शेवटच्या दिवसापर्यंत माझी एक ओळ काही सरळ आली नाही.

आजी पुढे पुढे मोकळ्या झाल्या. धान्याची देवी कंसरी. ती घरात येते तेव्हा तिला कसे घ्यावे, हे त्यांनी एका दुपारी सांगितले. मुलांचा कोश तीनशे शब्दांच्या वर गेला. त्यातले पन्नास-साठ तरी मी, मराठीची एम. ए., पहिल्यांदाच ऐकत होते.

दोन बाई

सप्टेंबरात तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक आले होते. अहवालाच्या पहिल्या पानावर 'मार्गदर्शकाचे नाव आणि पात्रता' असा रकाना असतो. त्या फोनवाल्या आईच्या मुलीने माझ्या नावाखाली आजींचे नाव लिहिले होते आणि पात्रतेपुढे लिहिले होते, 'चाळीसाहून अधिक आवण्या'.

परीक्षकांनी चष्मा वर केला. "ह्या कोण?"

"आमच्या बाई," ती म्हणाली. "तिथं आम्हाला दोन बाई होत्या. एक ह्या. आणि एक त्या."

मराठीत 'बाई' हा शब्द मोठा विलक्षण आहे. शाळेत शिकवते ती बाई, घरी भांडी घासायला येते ती बाई, आणि शेतावर रोजाने येते तीही बाईच. एकाच शब्दात आपण कोणाला किती मान देतो, हे नुसत्या स्वरावरून कळते. त्या मुलीने दोन्ही वेळा एकाच स्वरात तो शब्द उच्चारला. परीक्षकांनी किती गुण दिले ते मी पाहिले, पुरेसे दिले.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी हळव्या भाताची कापणी होती. आम्ही दिवसभरासाठी गेलो, आपापले डबे घेऊन. ह्या खेपेला एक पाहुण्याही होत्या: जूनमध्ये फोन करणाऱ्या त्या आई. स्टेशनवर मला पाहताच म्हणाल्या, "पाहू तरी, आमची मुलगी काय शिकली ते." खाचराच्या बांधावर त्या चप्पल काढून उभ्या राहिल्या. लेकीने विळा कसा धरायचा ते दाखवले. त्यांनी चार धाटे कापली, कंबर धरली आणि आजींकडे पाहून हसल्या. मग मला हळूच विचारले, "ह्यांचा आजचा रोज कोण देतं हो?"

"काका देतात," मी म्हटले. "सातही जणींचा."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वाकल्या.

वाचकहो, तुमचाही मुलगा किंवा मुलगी आज ना उद्या असा कागद घेऊन घरी येईल. शेतावर असो, कचेरीत असो, की दवाखान्यात. अवश्य पाठवा. हात मळल्याने कोणाची पदवी मळत नाही. फक्त सही करण्यापूर्वी एकच विचारून घ्या: तू जे काम फुकट करणार आहेस, ते काल कोण करत होते, आणि ती व्यक्ती आज काय करते? मी तो प्रश्न पाच दिवस उशिरा विचारला. तोही माझा नव्हता.

त्या नव्या भाताचे दोन किलो तांदूळ काकांनी मला दिले. पैसे घ्या म्हटले तर घेतले, हे विशेष. यंदा पाडव्याला आमच्या घरी त्याचाच भात होता. जरा जाडसर, पण वास असा की आमचे 'हे' पानावर बसण्याआधीच विचारते झाले, "कुठला गं तांदूळ?" मी सांगितले, "आमच्या बाईंच्या हातचा."